नागपुरात जमिनीची मोजणी: सरकारी फी, खासगी सर्व्हेअर आणि कोणाकडून नेमकं काय मिळतं

भूमी अभिलेख विभागाची ई-मोजणी पैशाच्या मानाने स्वस्त आहे आणि तिच्या नकाशाला वजन आहे. तारीख मात्र तुमच्या सोयीने मिळत नाही. खासगी सर्व्हेअर दोन-चार दिवसांत यंत्र घेऊन उभा राहतो, नकाशाही सुबक देतो, पण शेजाऱ्याने तो मानलाच पाहिजे असं काही नाही. दोघं एकच काम करतात असं धरून पैसे मोजले की पुढचा सगळा घोळ सुरू होतो. खासगी माणूस जागेवर आज काय आहे ते मोजतो: भिंत कुठे, तार कुठे, धुरा (शेताचा बांध) कुठून कुठे. सरकारी भूकरमापक अभिलेखात असलेली हद्द जागेवर कुठे पडते ते दाखवतो. घर बांधायला काढलं असेल तर पहिलं उत्तर लागतं. शेजाऱ्याशी वाद असेल किंवा जमीन विकत घ्यायची असेल तर दुसरं.

आधी सरकारी फी. १ डिसेंबर २०२४ पासून साधी, तातडी, अतितातडी हे जुने प्रकार गेले आणि नियमित व द्रुतगती असे दोनच उरले. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला ३,००० रुपये आणि द्रुतगतीला १२,००० रुपये. त्यापुढच्या प्रत्येक हेक्टरला अनुक्रमे १,५०० आणि ६,०००. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित २,००० आणि द्रुतगती ८,०००. पुढच्या प्रत्येक दोन हेक्टरला १,००० आणि ४,०००. म्हणजे हिंगणा किंवा उमरेड तालुक्यात साडेतीन हेक्टरची एकच धारणा असेल तर नियमित मोजणीला ३,००० आणि द्रुतगतीला १२,००० लागतील. शहरात मात्र ३० बाय ५०च्या, म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटलाही तेच तीन हजार, जे एक हेक्टर मैदानाला. छोट्या प्लॉटवाल्याला हे जड वाटतं, तरी एका कोपऱ्याच्या वादात वकिलाच्या पहिल्या फीपुढे ही रक्कम काहीच नाही.

फी मोजताना दोन गोष्टी सुटतात. शेत दोन-तीन भूमापन क्रमांकांत पसरलं असेल तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा होतो, सगळी आराजी (क्षेत्र) एकत्र करून नाही. आणि शहराच्या कडेला जिथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तिथे कोणता दर लागतो हे अर्ज भरण्याआधीच कार्यालयात विचारून घ्यावं. चुकीच्या दराचं चलन भरलं की फरक भरण्यात आणि अर्ज पुन्हा वर येण्यात आठवडे जातात. एकत्र कुटुंबाची शेतजमीन भावाभावांत वाटायची असेल तर पोटहिस्सा मोजणीची फी २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपयांवर आणली आहे. ही सवलत अनेकांना ठाऊक नसते आणि ते हद्दकायमचा (नुसती हद्द दाखवून घेण्याचा) अर्ज भरून मोकळे होतात. पोटहिस्स्याला सगळ्या सहधारकांची संमती लागते, एकाही भावाची सही अडली की काम तिथेच थांबतं.

द्रुतगतीचे चौपट पैसे कधी भरावेत? विक्रीपत्राची तारीख ठरलेली असेल, बँकेचं कर्ज अडलं असेल किंवा न्यायालयात पुढची तारीख असेल तरच. त्या पैशांनी रांगेतली जागा पुढची मिळते. भूकरमापक तोच, यंत्र तेच, अभिलेखही तोच. जास्त पैशांत जास्त अचूक नकाशा मिळत नाही.

खरा वेळ आणि खरं डोकं कागदांत घालायला हवं, कारण नागपुरात एकाच जमिनीला तीन-तीन ओळखी असतात. जुन्या वस्तीत आणि नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, तिच्यावर नगर भूमापन क्रमांक आणि चौरस मीटरमध्ये क्षेत्र. लेआउटमधल्या प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यासचा मंजूर नकाशा आणि आरएल लेटर (नियमितीकरणाचं पत्र). गुंठेवारी कायदा २००१ खाली नियमित झालेल्या लेआउटांत हेच चित्र दिसतं. आणि मूळ जमिनीचा सातबारा, त्यावर मौजा, खसरा क्रमांक, हेक्टर-आर. या तिन्हींतली लांबी-रुंदी आणि क्षेत्र जुळतं का, हे मोजणीच्या अर्जाआधी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १,०७६ चौरस फूट. एक एकर म्हणजे ४०.४७ आर किंवा ४३,५६० चौरस फूट. विक्रीपत्रात चौरस फूट, आखीव पत्रिकेत चौरस मीटर आणि सातबाऱ्यात आर असल्याने फरक नजरेतून सहज निसटतो. कागदातच शंभर चौरस फूट कमी-जास्त असतील तर जगातलं कुठलंही यंत्र ते भरून देणार नाही. भूकरमापकाने जमीन कमी दाखवली अशा तक्रारींपैकी बऱ्याच या जातीच्या असतात.

जुन्या नकाशाची मर्यादाही समजून घ्यावी. मध्य प्रांताच्या काळातले गावनकाशे १६ इंचांना एक मैल या प्रमाणाचे, म्हणजे १:३९६०. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळपास दोन मीटर होते. नगर भूमापनाच्या १:५०० नकाशावर तीच रेघ २५ सेंटिमीटर. म्हणून शेताच्या धुऱ्यावर इंचाइंचाचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो आणि महालातल्या किंवा इतवारीतल्या घराच्या भिंतीवर मात्र असतो. आज रोव्हरने (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने) दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची जागा मिळते, पण ती ज्या रेघेशी जुळवायची ती रेघच दोन मीटर जाड असेल तर निर्णय आजूबाजूच्या पक्क्या खुणांवर येतो: तिवट्याचा (तीन हद्दी मिळतात तिथला) दगड, जुनी विहीर, नाल्याचा काठ, पांदण रस्ता. हे समजावून सांगणारा भूकरमापक भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सोबत ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका, धारकाचं ओळखपत्र, जागेचा कच्चा नकाशा आणि चारही बाजूंच्या लगतच्या धारकांची नावं व पत्ते. हा शेवटचा मुद्दा लोक उरकून टाकतात. बाजूचा प्लॉट ज्याच्या नावावर आहे तो पुण्यात किंवा परदेशात असतो, आणि अर्जात तिथे राहणाऱ्या भाडेकरूचं नाव लिहिलं जातं. मग नोटीस चुकीच्या माणसाला जाते, आणि खरा धारक पुढे “मला कळवलंच नाही” म्हणत हरकत घेतो. शेजाऱ्यांचे सातबारे आणि आखीव पत्रिका स्वतः काढून त्यावरची नावं जशीच्या तशी लिहावीत. नोटीस रीतसर पोचली असेल तर शेजारी आला नाही तरी मोजणी होते. आणखी एक: अर्ज धारकच करू शकतो, किंवा त्याचा मुखत्यार. जमीन घेणाऱ्याला स्वतःच्या नावाने मोजणी मागता येत नाही, म्हणून इसारपत्र करतानाच विकणाऱ्याने हद्दकायम मोजणी करून द्यायची आणि क-प्रत (मोजणीनंतर मिळणारा सरकारी नकाशा) हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यायची, हे कलम घालून घ्यावं.

मोजणीच्या दिवशी विभाग यंत्र आणि माणूस पाठवतो. मजूर, चुना, खुंट्या, हद्दीचे दगड आणि झुडपं तोडणं हे अर्जदाराकडे. आदल्या दिवशी जुने दगड उकरून उघडे करून ठेवले तर अर्धं काम सोपं होतं. विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवर पुरलेला दगड काही वर्षांत कलतो किंवा सरकतो. त्यात नांगरटीत धुरा कोरणारे शेजारी वेगळेच. दगड कललेला दिसला तर त्याचं डोकं नव्हे, बूड कुठे आहे ते दाखवावं. भूकरमापक आधी वहिवाटीप्रमाणे जागा मोजतो, मग ती अभिलेखाच्या नकाशावर बसवतो आणि त्यानंतर हद्दीच्या खुणा दाखवतो. शेवटी जबाब आणि पंचनामा. कोऱ्या कागदावर सही करू नका. दाखवलेली हद्द पटली नसेल तर जबाबातच तसं लिहा, नेमक्या कोपऱ्याचा उल्लेख करून; नंतर तोंडी सांगितलेल्याला किंमत नाही.

तारीख निवडणं पूर्णपणे आपल्या हातात नसलं तरी अर्ज कधी करायचा ते असतं. जून ते सप्टेंबर शेतात पाय रुततो. त्यानंतर पऱ्हाटी आणि तूर उभी असते, आणि डोक्याएवढ्या तुरीतून टोटल स्टेशनला (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राला) पलीकडचा प्रिझम (किरण परत पाठवणारा आरसा) दिसत नाही. शेतासाठी फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, त्यासाठी अर्ज दिवाळीच्या आसपासच गेलेला बरा. मे महिन्यात सकाळी लवकर काम सुरू करायला सांगावं; दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या प्रिझमवर नेम नीट बसत नाही. काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांत अडचण वेगळी: दाट फांद्यांखाली रोव्हरला उपग्रह नीट मिळत नाहीत, तिथे टोटल स्टेशनच हवं.

खासगी सर्व्हेअरकडे वळू. याचे दर कुठे ठरलेले नाहीत. कोणी दिवसावर सांगतो, कोणी एकरावर, कोणी प्लॉटवर, आणि आकडा ऐकून लोक तुलना करतात. तुलना आकड्याची नको, कामाची करा. कोटेशनमध्ये ही कामं वेगवेगळी लिहून घ्या: किती माणसं आणि कोणतं यंत्र, किती वेळा यावं लागेल, कोपऱ्याचे खांब कोणाच्या खर्चाने, मूळ कॅड फाइल मिळेल की फक्त पीडीएफ, क्षेत्राचा हिशोब कागदावर मिळेल का, आणि बांधकामावेळी रेघा पुन्हा आखून द्यायच्या झाल्यास त्याचे पैसे किती. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वर. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा कॅड फाइल आणि दुसरी खेप गाळलेली असते, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी पुढे लागतात. “अमुक एकराला अमुक रुपये” असा दर मोठ्या मोकळ्या शेताला परवडतो, पण दाट झाडीच्या किंवा वाकड्यातिकड्या तुकड्याला तो माणूस घाई करतो. तिथे दिवसाचा दर ठरवणं दोघांच्याही हिताचं.

फोनवर विचारायचा पहिला प्रश्न यंत्राच्या कंपनीचा नसावा. “हद्द कशावरून धरणार?” हे विचारा. चांगला सर्व्हेअर लगेच मंजूर लेआउट नकाशा, आखीव पत्रिका, जुनी क-प्रत मागतो. “तुम्ही कोपरे दाखवा, आम्ही मोजून देतो” असं उत्तर आलं तर तुम्हाला तुमच्याच अंदाजाचा सुंदर नकाशा मिळणार आहे. मोबाइलवर गुगलचा उपग्रह नकाशा उघडून किंवा महाभूनकाशावरची (सरकारी ऑनलाइन नकाशावरची) रेघ दाखवून हद्द सांगणाऱ्याला तर नकोच म्हणा. मोबाइलची जागा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असते; ३० फुटी प्लॉटमध्ये पाच मीटर म्हणजे अर्धा प्लॉट.

लेआउटमध्ये एका प्लॉटची मोजणी कधीच त्या प्लॉटपुरती करू नये. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, वाठोडा या बाजूचे बरेच जुने लेआउट फितीने, एका टोकापासून आखत नेलेले आहेत. ओळीत २० प्लॉट, प्रत्येक ३० फुटांचा, आणि दर प्लॉटला दोन इंच चूक, तर शेवटच्या प्लॉटपर्यंत ४० इंच, म्हणजे तीन फूट चार इंच साचतात. कोपऱ्यावरचा प्लॉट एक तर अरुंद निघतो किंवा रस्त्यात घुसतो. म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांपासून, पूर्ण ओळ धरून मोजायला सांगा. त्याचे थोडे जास्त पैसे लागतील, ते द्यावेत. नुसत्या बाजू मोजून प्लॉट काटकोनात आहे हे कळत नाही. ३० बाय ५०च्या प्लॉटचे दोन्ही कर्ण ५८ फूट पावणेचार इंच यायला हवेत. ही तपासणी तुम्ही स्वतः साध्या फितीने करू शकता, आणि सर्व्हेअरसमोर करा.

यंत्राच्या चुका कुठे होतात हे माहीत असलं तर दोन प्रश्नांत माणूस ओळखता येतो. टोटल स्टेशनमध्ये प्रिझमचा स्थिरांक चुकीचा भरला, समजा शून्याऐवजी उणे ३० मिलिमीटर, तर प्रत्येक अंतर तीन सेंटिमीटरने चुकतं. मागच्या खुणेवर पुन्हा नेम धरून खात्री केली नाही आणि कोन एका मिनिटाने सरकला, तर ३०० मीटरवर जवळपास नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून फेरी पूर्ण करून पहिल्या खुणेवर परत यायचं आणि किती फरक आला ते कागदावर द्यायचं, हे आधी ठरवा. ४०० मीटर परिघाच्या जागेला पाच हजारात एक या हिशोबाने आठ सेंटिमीटरपर्यंत फरक ठीक. त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजा. रोव्हर असेल तर पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की) आहे की ‘फ्लोट’ (जागा अजून अंदाजे) ते स्वतः बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जाळ्यातली ७७ कॉर्स केंद्रं (उपग्रहांचे संकेत सतत घेणारी पक्की केंद्रं) महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्याकडून दुरुस्ती मिळाली की रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. फ्लोटमध्ये घेतलेला बिंदू अर्धा मीटर किंवा त्याहूनही जास्त चुकू शकतो, आणि नकाशावर दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. गांधीबागेसारख्या उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत रोव्हरवर भिस्त ठेवू नये. फाइलमध्ये कोऑर्डिनेट असतील तर यूटीएम पद्धतीचा (पृथ्वीचे रेखांशांप्रमाणे पाडलेले पट्टे) झोन ४४ लिहिलेला आहे का ते पाहा. नागपूर ७९ अंश रेखांशावर असल्याने ४४ मध्ये येतं. पुण्या-मुंबईच्या कामातली झोन ४३ची जुनी फाइल तशीच वापरली तर तुमची जागा सरकारी नकाशावर बसणारच नाही.

खासगी नकाशाचं कायदेशीर वजन हा वेगळा मुद्दा. २०२५ मध्ये महसूल विभागाने परवानाधारक खासगी भूमापकांकडून मोजणी करून घेऊन ती भूमी अभिलेख कार्यालयाने प्रमाणित करायची, असं धोरण जाहीर केलं. म्हणून समोरचा परवानाधारक आहे का आणि नकाशा प्रमाणित होऊन मिळणार का, हे दोन्ही विचारा. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड किंवा स्थापत्य डिप्लोमा हे शिक्षण झालं, ते परवान्याच्या जागी चालत नाही. प्रमाणित नसलेला नकाशा आर्किटेक्टला, मातीकामाला, कंपाउंडच्या आखणीला उत्तम. न्यायालय मात्र हद्दीच्या वादात बहुधा भूमी अभिलेखच्याच अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमतं, ज्याला वकील अजून टीआयएलआर (तालुका निरीक्षक, भूमी अभिलेख) म्हणतात.

सरकारी मोजणी पटली नाही तर त्याच कार्यालयात भांडण्याऐवजी निमताना मोजणीचा अर्ज करावा. वरचा अधिकारी ती पुन्हा तपासतो, आणि त्यावरही सुपर निमताना आहे. अर्जात “मोजणी चुकली” एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. कोणता कोपरा, कोणती जुनी खूण धरली नाही, जुन्या क-प्रतीशी किती मीटरचा फरक, हे लिहावं. इथे खासगी सर्व्हेअरचा खरा उपयोग होतो: सरकारी खुणा आणि जुन्या खुणा दोन्ही एकाच नकाशावर घेऊन फरक आकड्यात दाखवणं. शेजारी मोजणी अडवेल अशी भीती असेल तर पोलीस बंदोबस्ताचा अर्ज आधीच द्यावा. आणि मोजणीत अतिक्रमण निघालं तरी भूकरमापक भिंत पाडून देत नाही. क-प्रतीत अतिक्रमणाचं क्षेत्र दिसेल. ताबा मिळवायला तहसील किंवा दिवाणी न्यायालयाचीच वाट आहे.

आमची शिफारस अशी. शहरातला प्लॉट घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडून नियमित हद्दकायम मोजणी, ३,००० रुपयांची, इसारपत्राच्या अटीत. प्लॉट तुमचा आहे आणि बांधकाम काढायचं आहे, वाद नाही, तर खासगी टोटल स्टेशनवाला पुरतो, ओळ धरून आणि कॅड फाइलसह. शेताच्या धुऱ्यावर कुरबुर सुरू असेल तर खासगीवर एक पैसाही आधी घालू नये, सरळ सरकारी अर्ज. मोजणीत आरक्षण, डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता किंवा सार्वजनिक वापराची जागा दिसत नाही, त्यासाठी सुधार प्रन्यास, एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेच्या नगररचना विभागातून वेगळी माहिती काढावी लागते. नझूल (सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली) जमीन असेल तर भाडेपट्ट्याची मुदत आणि अटीही त्याच वेळी पाहाव्यात.

क-प्रत हाती आली की त्याच आठवड्यात कोपऱ्यांचे दगड काँक्रीटमध्ये, किमान दोन-अडीच फूट खोल बसवून घ्या, आणि प्रत्येक दगडापासून जवळच्या दोन न हलणाऱ्या गोष्टींची अंतरं, विजेचा खांब, विहिरीची कडा, शेजारच्या घराचा कोपरा, फितीने मोजून क-प्रतीच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा.